आनंदरावांचं नाक

मोहाडी सोडून तुमसरच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला आनंदराव मेश्रामांचं गॅरेज लागतं. गेली एकतीस वर्षं ते तिथं गाड्या दुरुस्त करतात. त्यांची ख्याती नाकाची. इंजिनातल्या तेलाचा थेंब बोटावर घेऊन हुंगायचे आणि सांगायचे, यात पाणी उतरलंय. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलेलं असलं तर टाकीचं झाकण उघडताच त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. ड्रायव्हर लोक म्हणत, "मशीन कायले लावता, आनंदरावले हुंगू द्या ना!" हे ऐकून आनंदराव वरवर हसत आणि आतून फुगत. एका कामात मान मिळाला की माणसाला वाटायला लागतं, आपल्याला सगळंच कळतं. आनंदरावांना तसंच वाटत होतं, आणि भोगलं मात्र त्यांच्या भावानं.

संघपाल त्यांच्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो चौथीत होता, म्हणजे वाढवला आनंदरावांनीच. लग्नही त्यांनीच लावून दिलं. त्याच्यासाठी त्यांनी पेट्रोलवर चालणारा एक जुना छोटा ट्रक घेतला होता, ज्याचं इंजिन ड्रायव्हरच्या सीटखालीच असतं. तुमसरच्या राइस मिलमधून तांदळाची पोती उचलायची आणि जवाहरनगरच्या दुकानांत पोचवायची, हे संघपालचं काम. सरळ पोरगा, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नसे.

नोव्हेंबरात त्या ट्रकचा, इंजिनात बिघाड असल्याचं सांगणारा पिवळा दिवा लागला. आनंदरावांनी स्कॅनर जोडला, तर ऑक्सिजन सेन्सरचं नाव आलं. इंजिनातून निघालेल्या धुरात किती हवा उरली आहे, ते हा बोटाएवढा सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरला कळवत असतो. तो सारखं सांगत होता, हवा जास्त आहे. आनंदराव म्हणाले, म्हातारा झाला, बदला. नवा लावला. आठ दिवसांत दिवा परत लागला. मग दुसरा नवा लावला, तोही तेच सांगायला लागला. गाडी पेट्रोल ढोसायला लागली, प्लग काजळीनं काळे पडले.

"डुप्लिकेट माल येऊन राहिला बाजारात," आनंदरावांनी निकाल दिला.

"दादा, सकाळी स्टार्ट केली का टकटक वाजते," संघपाल म्हणाला. "गरम झाली का बंद होते."

"जुनी गाडी हाय, वाजनच! तू ड्रायव्हर का मिस्त्री?"

आनंदराव गाडी बघत ती संध्याकाळी, दिवसभर तापून आल्यावर. तेव्हा कुठलाच आवाज येत नसे. सकाळी लवकर उठून एकदा कान द्यावा, एवढं त्यांना सुचलं नाही. खरं सांगायचं तर गरज वाटली नाही.

डिसेंबरात थंडी पडली आणि संघपाल काचा बंद करून जायला लागला. जवाहरनगरला उतरताना त्याचे डोळे तारवटलेले असत, पाय लटपटत, जीभ जड होई. दोनदा तो दुकानाच्या ओट्यापाशीच ओकला. एकदा पोतं खांद्यावरून निसटून फुटलं. तेव्हा भैयाजी किराणावाल्यानं गॅरेजात फोन लावला.

"आनंदराव, तुमचा भाऊ सकाळीच लावून येऊन राहिला बरं!"

आनंदरावांचा बाप दारूनंच गेला होता. त्यांना दुसरा पुरावा लागला नाही. संध्याकाळी संघपाल मात्र नीट चालत, नीट बोलत घरी आला. दुपारच्या उन्हात तो काचा उघडून येई, पण आनंदराव समजले, उतरली असेल.

"मी पेत नाही, दादा. डोस्कं फुटते नुसतं. काहून होते, मलेच समजत नाही."

"भाऊ, मी परवा याईच्या संग गेली, त मायंही डोस्कं लय दुखलं," त्याची बायको रत्नमाला मध्ये पडली.

"नवरा हाय तुया. तू त बाजू घेशीनच," आनंदराव म्हणाले.

रविवारी आनंदराव भावाला विहारात घेऊन गेले. वंदना झाली, सगळ्यांनी मिळून पंचशील म्हटलं. मग आनंदराव उठले आणि चाळीस माणसांदेखत म्हणाले, की या पोरानं पाचवं शील मोडलं आहे, त्यानं ते सगळ्यांसमोर एकट्यानं पुन्हा घ्यावं. विहाराचे वडीलधारे सोमाजी चपापले, पण आनंदरावांच्या शब्दाला गावात वजन होतं. संघपाल उभा राहिला. "सुरामेरयमज्ज..." पासून शेवटपर्यंत त्यानं एक अक्षर चुकवलं नाही. कधीच न घेतलेली दारू सोडण्याची शपथ घेऊन तो खाली बसला. दुसऱ्या दिवशी गाडीची चावी गॅरेजातल्या पेटीवर होती. संघपाल आणि रत्नमाला तुमसरला राहायला गेले होते.

फेब्रुवारीत भैयाजीचा माल अडला, म्हणून आनंदराव स्वतः ट्रक घेऊन निघाले. पहाटेचा गारठा, काचा बंद. भंडारा यायच्या आत त्यांच्या कानशिलात ठणका सुरू झाला. जवाहरनगरला उतरले तर जमीन हलत होती. ते दाराला धरून उभे राहिले.

भैयाजी ओट्यावरून हसला, "काय आनंदराव, तुमी पण सकाळी सकाळीच?"

ते वाक्य त्यांना मुस्काटात बसल्यासारखं लागलं. परत येताना त्यांनी दोन्ही काचा उघड्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या सुमाराला त्यांनी सीट उचलली आणि गार इंजिन चालू केलं. टक, टक, टक. संघपालनं सांगितलं होतं तस्संच.

त्यांनी इंजिन बंद केलं. मागून सायलेन्सरच्या नळीत ब्लोअरची हवा सोडली आणि पुढं सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी ओतलं. मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या बिडाच्या नळीवर, फसफस बुडबुडे आले. तिथं केसाएवढा तडा होता. इंजिन गरम झालं की लोखंड फुगून तो मिटायचा, पण पुरता नाही. त्या फटीतून धूर केबिनमध्ये यायचा आणि बाहेरची हवा आत जायची. ती जास्तीची हवा बघून सेन्सर बिचारा ओरडत होता, आणि त्याचं ऐकून कॉम्प्युटर आणखी पेट्रोल ओतत होता. त्यानं धूर जास्तच विषारी झाला होता, आणि त्यातला खरा विषारी वायू तर नाकाला कळतच नाही. आनंदरावांनी नवा मॅनिफोल्ड बसवला आणि भंगारच्या डब्यातून पहिला, जुना सेन्सर काढून परत लावला. दिवा लागला नाही. पंधरा दिवस गाडी चालवली, तरी लागला नाही.

फुटका मॅनिफोल्ड पोत्यात घालून ते तुमसरला गेले. संघपाल मिलमध्ये पोती वाहत होता. त्यानं तड्यावरून बोट फिरवलं, काजळी पँटला पुसली.

"मी चुकलो," आनंदराव म्हणाले. मोठ्या भावानं हा शब्द त्याच्यासमोर कधी काढला नव्हता.

"दादा, तू तेल हुंगतेस, पेट्रोल हुंगतेस. साऱ्या दुनियेच्या गाड्या हुंगतेस. मायं तोंड एकदा हुंगून पाह्यलं असतं, त काय झालं असतं?"

आनंदरावांना रडू आलं. हमालांनी बघितलं, तरी त्यांनी लपवलं नाही.

"घरी चाल, बापा."

"कोण्या तोंडानं येऊ? मले नोको सांगू तू. ज्याईच्यापुढं मले उभं केलं, त्याईले सांग. त्याईनं मानलं, त येतो." एवढं बोलून तो पुढच्या पोत्याकडे वळला.

आनंदरावांनी रविवारपर्यंत कसाबसा दम धरला. वंदना संपताच त्यांनी तो फुटका मॅनिफोल्ड सतरंजीवर ठेवला आणि तडा, धूर, सेन्सर, सगळं घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. माणसं त्या काळ्या लोखंडाकडे बघत राहिली. मागं बायकांमध्ये कुणीतरी कुजबुजलं.

सोमाजींनी उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मायेनंच ठेवला.

"जाऊ दे, आनंदराव," ते म्हणाले. "भाऊ हाय तुया. तू त बाजू घेशीनच."

आनंदरावांनी मॅनिफोल्ड पोत्यात घातला आणि ते बाहेर पडले. संघपाल अजून तुमसरलाच आहे.