जहाज कोणत्या देशाचं?

माझा पीएच.डी.चा प्रबंध अण्वस्त्रांवर होता. महासत्ता, त्यांचे करार, त्या करारांतल्या पळवाटा. सगळं दिल्लीतल्या ग्रंथालयात बसून लिहिलेलं. रत्नागिरीच्या महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवायला रुजू झाले तेव्हा मनात थोडी नाराजीच होती. आंतरराष्ट्रीय संबंध हा माझा विषय, आणि इथल्या मुलांना त्यात मार्कांपलीकडे काय रस असणार, असं मला वाटायचं. हे आज लिहितानाही लाज वाटते.

तिसऱ्या वर्षाच्या वर्गात सार्वभौमत्व शिकवत होते. प्रत्येक राज्याला हद्द असते, त्या हद्दीत त्याचाच कायदा चालतो, वगैरे. मागच्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली. गुहागरकडची, वसतिगृहात राहणारी, एरवी हजेरीपुरतंच तोंड उघडणारी.

"मॅडम, जहाजावर कोणाचा कायदा चालतो?"

"ज्या देशाचा झेंडा असेल त्याचा."

"झेंडा पनामाचा आहे. मालक दुसऱ्याच देशातला. बंदर तिसऱ्याचं. आणि आत माझे पप्पा आहेत. त्यांना सोडवायचं कोणी?"

मी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "मला माहीत नाही. तास संपल्यावर थांब."

तिचे वडील सारंग होते, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. मालकाचा आणि बंदराचा काही वाद झाला आणि जहाज अडकवून ठेवलं. चार महिने झाले होते. पासपोर्ट बंदराच्या ऑफिसात, खाली उतरायची परवानगी नाही. आई मुंबईच्या एजंटाला फोन करून थकली होती. तो दर वेळी "होईल, होईल" म्हणायचा.

पुढचे कितीतरी दिवस आम्ही दोघी विभागातल्या टेबलाशी बसलो. खलाशांच्या हक्कांचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे. माझ्या नोट्समध्ये त्याची एक ओळ होती. अख्खा करार मी कधी वाचलाच नव्हता. ती शब्दकोश घेऊन इंग्रजी कलमं वाचायची, अडलं की मी सांगायचे, आणि बरेचदा दोघीही अडायचो. मग पत्रं लिहिली. आपल्या वकिलातीला, जहाजांचं काम पाहणाऱ्या सरकारी कार्यालयाला, झेंड्याच्या देशाला, खलाशांच्या संघटनेला. एका ठिकाणाहून पोच आली. बाकीच्यांकडून काहीच नाही. आम्ही पुन्हा लिहिलं.

दोन-अडीच महिन्यांनी वर्ग चालू असतानाच ती दारात आली. आत येऊ का, हेही तिनं विचारलं नाही.

"मॅडम, जहाज सुटलं. पप्पा विमानात बसले."

मला वर्गासमोर रडू आलं. मुलांनी बाक वाजवले.

वडील आले ते सरळ महाविद्यालयातच, हातात सोललेल्या नारळांची पिशवी घेऊन. उन्हानं रापलेला, कमी बोलणारा माणूस. मी घाईघाईनं म्हणाले, "आमच्या पत्रांनी काही झालं असेलच असं नाही हं."

"ता नाय म्हायत, बाई," ते म्हणाले. "पण पोरगी फोनवर सांगायची, आज याला पत्र गेलं, आज त्याला गेलं. मी जहाजावर सगळ्यांना सांगायचो. आपलं नाव कुणाच्या तरी टेबलावर आहे, एवढं कळलं तरी माणूस जेवतो."

मी त्यांना वर्गात नेलं. त्यांनी फळ्यावर जहाज काढलं, आणि कुठल्या समुद्रात कोणाची गस्त भेटते, कुठल्या बंदरात कसे प्रश्न विचारतात, ते तासभर सांगितलं. घंटा झाली तरी कोणी उठेना.

पुढची सुट्टी त्यांनी माझ्यासाठी खर्ची घातली. गुहागरच्या आसपासच्या वाड्यांत ते मला घेऊन हिंडले. सुट्टीवर आलेले खलाशी, निवृत्त झालेले, घरी वाट पाहणाऱ्या बायका. "ह्या आपल्या बाई, विचारतील ते सांगा," एवढीच ओळख. लोकांनी पोफळीच्या सावलीत बसवून, चहा पाजून मला ते सगळं सांगितलं, जे कुठल्याही ग्रंथालयात मिळालं नसतं. माझ्या संशोधनाचा विषयच बदलला. गेली काही वर्षं मी याच माणसांवर लिहिते आहे. एका परिसंवादात कोणीतरी विचारलं, हे आंतरराष्ट्रीय संबंधांत कसं बसतं? मला उत्तर द्यायला वेळ लागला नाही.

ती मुलगी आता मुंबईत सागरी कायदा शिकते. खलाशांवरचा माझा पहिला लेख छापायला जाण्याआधी तिनं तो वडिलांना मराठीत वाचून दाखवला. मीही त्यांच्या घरी ओटीवर बसले होते. एका वाक्याशी त्यांनी हात वर केला.

"हतबल खलाशी? तेवढं काढा, बाई. हतबल नव्हतो आम्ही. रोज सकाळी डेक धुवायचो, गंज खरवडायचो, रंग द्यायचो. जहाज सुटलं तेव्हा चालायला तयार होतं."

मी पेन काढलं आणि तो शब्द खोडला. आतून त्यांच्या पत्नीनं जेवायला हाक मारली.