आईनं न गिळलेल्या कॅप्सूल

ऐंशीच्या आसपास मी नागपुरात एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला होते. घरात आई, धाकटी बहीण आणि मी. बहिणीचा चेहरा मुरुमांनी भरलेला. पाहुणे पोहे खाऊन जायचे आणि मागून नकार यायचा. डॉक्टरांनी टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल दिल्या. त्या ती वर्ष-दोन वर्षं घेत राहिली. चेहरा नितळ झाला, लग्न ठरलं.

लग्नाची खरेदी चालू असताना आईला हुडहुडी भरून ताप आला. लघवीला जळजळ. डॉक्टरांनी तिलाही त्याच कॅप्सूल लिहून दिल्या. ताप हलेना. ती असंबद्ध बोलू लागली, तेव्हा मी तिची लघवी तपासायला नेली.

काम साधं असतं. प्लेटवर जंतू पसरायचे, वर औषधात भिजवलेल्या कागदाच्या चकत्या ठेवायच्या आणि प्लेट उबेत ठेवायची. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती मोकळं रिंगण दिसतं. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर टेट्रासायक्लिनच्या चकतीला जंतू चिकटून वाढले होते. शेजारच्या एका चकतीभोवती मात्र रुंद रिंगण होतं. त्या औषधाची इंजेक्शनं दिली आणि आई वाचली.

लघवीत शिरणारे हे जंतू मूळचे पोटातलेच असतात. म्हणून मी बहिणीच्या आणि माझ्या शौचाचे नमुनेही तसेच प्लेटवर लावले. मी आयुष्यात ती कॅप्सूल घेतलेली नव्हती. तरी दोन्हीकडे जंतू टेट्रासायक्लिनच्या चकतीला चिकटूनच वाढले होते; प्लेटा शेजारी ठेवल्यावर, चिठ्ठी पाहिल्याशिवाय कोणती कोणाची ते मलाच सांगता येईना.

घरी येऊन सांगितलं. आई उशीला टेकून बसली होती.

"मी तं आधी एकही गिळली नव्हती वं. माह्या पोटात कसे आले?"

"औषधानं न मरणारे हिच्या पोटात उरले. एकाच घरात राहतो, एकमेकींच्या हातचं खातो."

"म्हंजे औषध खाल्लं हिनं, अन् शिकून बसले माहे जंतू?"

"ताई, काहून घाबरवून राहिली तिले?" बहीण म्हणाली. पण त्याच दिवशी तिनं कॅप्सूल बंद केल्या.

मुरुमं परत आली. लग्नाच्या आठवड्यात मी तिचा नमुना पुन्हा लावला.

"गेले जंतू?" तिनं आरशातूनच विचारलं.

"नाही."

हनुवटीवर हळद लावता लावता ती थांबली. "मंग सासरी मी एकटी नाही जाऊन राहिली."