कठडा वजा करून

कॉम्प्युटर मी पहिल्यांदा बघितला तेव्हा त्याच्यावर पांढरी चादर घातलेली होती, आजारी माणसावर घालतात तशी. चपला बाहेर काढायच्या, पाय पुसायचे आणि मग आत जायचं. उस्मानाबादच्या सरकारी कचेरीतली ती खोली. ऐंशीच्या पुढची दुष्काळी वर्षं. जमिनीखालचं पाणी कुठनं कुठं जातं, पुढं किती उरणार, हे मशीनकडनं कसं काढून घ्यायचं, त्याचं आठ दिवसांचं प्रशिक्षण होतं. शिकणारे सगळे इंजिनिअर. त्यांच्यात मी एकटी लुगड्यातली बाई, शाळेची पायरीही न चढलेली.

मला कशाला बोलावलं, ते सांगते. येडशीच्या बाजूला आमचं गाव. गावच्या विहिरीचं पाणी किती खोल गेलं, ते दर महिन्याला मोजून वहीत लिहायचं काम माझ्याकडं. पोलादी टेपच्या टोकाला खडू फासायचा, कठड्यावरनं टेप खाली सोडायची, वर ओढून खडू कुठवर भिजला ते बघायचं. सोडलेल्या टेपमधनं भिजलेला भाग वजा करायचा, मग कठड्याची उंची वजा करायची, दोन फूट. उरलं ते जमिनीपासून पाण्याचं अंतर. लिहायला मी लेकरांच्या पाटीवर शिकले, त्यामुळं माझी वही माझ्याशिवाय कुणाला लागायची नाही. शिकवायला पुण्याहून आलेले सर म्हणाले, "त्या बाईंनाच आणा. त्या वाचतील, तुम्ही टाइप करा."

आणखी एक सांगायचं राहिलं. त्या विहिरीत माझी टेप जायची, घागर जात नव्हती. आम्ही बौद्ध. आमच्या वस्तीतल्या बाया खाली घागरी मांडून बसायच्या, वरनं कुणाला वाटलं तर ओतायचं. म्हणून वस्तीनं आपली स्वतःची विहीर मागितली होती. सगळ्यांच्या अंगठ्यांचा तो अर्ज दोन वर्षं त्याच कचेरीत पडून होता.

तर मी वाचत होते. दहाला बसायचं ते पाचपर्यंत. महिना, आकडा. महिना, आकडा. पंखा होता, पण त्याचं तोंड मशीनकडं. मधेच लाईट जायची, टाइप केलेलं सगळं पुसलं जायचं, की परत पहिल्यापासनं. माझा घसा बसला. दुसऱ्या दिवशी तर मला वाटलं, विहीर खणलेली परवडली.

सर शिकवायचे मात्र छान. नकाशावर त्यांनी चौकोन पाडले होते. प्रत्येक चौकोनाला चार शेजारी. ह्याचं पाणी वर असलं की ते खाली असलेल्याकडं जातं, असं एकेका चौकोनाचं मशीन काढत जातं. मी म्हटलं, "म्हणजे उन्हाळ्यात कुणाच्या रांजणात किती आहे ते शेजारणीला ठाऊक असतंय, तसं." सर हसले, म्हणाले, "अगदी तसंच. फक्त हे शेजारी नाही म्हणत नाहीत."

चौथ्या दिवशी जुळवणी सुरू झाली. मशीननं काढलेलं पाणी आणि विहिरीत मोजलेलं पाणी एक यायला पाहिजे. बाकी गावांचं आलं. आमच्याच चौकोनाचं येईना. एका महिन्यापासनं पुढं माझ्या वहीतलं पाणी एकदम खाली गेलेलं, आणि पाऊस झाला तरी जागेवर येत नव्हतं. मग इंजिनिअर लोक खडक बदलायला लागले. मुरूम कमी पाणी धरतो असं लिही, खडकातनं जास्त वाहून जातं असं लिही. दोन दिवस ते आमच्या गावाखालचा खडक बदलत बसले. शेवटी जुळलं. तिथल्याच एका साहेबांनी लाल पेन्सिल घेतली आणि आमचा चौकोन रंगवला.

मी विचारलं, "लाल म्हणजे काय हो साहेब?"

"म्हणजे पाणी संपत आलं. तिथं आता नवीन विहिरीला परवानगी नाही."

मी वही मांडीवर घेऊन खाली बसले. सगळी वस्ती डोळ्यांपुढं आली. त्यांना मी काय सांगणार होते? माझ्याच वहीनं विहीर नेली म्हणून?

सरांनी मला तशी बसलेली बघितलं. वहीतल्या त्या महिन्यावर बोट ठेवून म्हणाले, "बाई, ह्या महिन्यात गावात काय झालं होतं?"

काय होणार? काहीच आठवेना. डोळे मिटले आणि ते मोजणं मनातल्या मनात केलं. खडू फासला, टेप घेतली, धोंड्यावर चढले... आणि तिथंच थांबले. धोंड्यावर का चढले? आधी तर मी उभ्यानंच टेप सोडायची. धोंडा कधीपासनं लागायला लागला?

"सर," मी म्हटलं, "कठडा वाढलाय. वासरू पडलं विहिरीत, म्हणून गावानं कठडा वर उचलला. आणि मी आपली दोनच फूट वजा करत राहिले."

मग लाल पेन्सिलवाले साहेब म्हणाले, "वा बाई! गाव तुमचं, अर्ज तुमच्या वस्तीचा, आणि कठडा बरोबर तुमच्या सोयीनं वाढला!"

काम जाणार हे दिसतच होतं. म्हटलं, "साहेब, चूक माझी आहे. मला काढा. पण त्या खडकाला बोल लावू नका."

सर उठले. "गाडी काढा," म्हणाले.

जीपनं आम्ही गावात गेलो. कठड्याचा जुना दगड काळा आणि वरचा नवा, आंधळ्यालाही कळावं असा. सरांनी स्वतः मोजलं. साडेचार फूट. तेवढ्यात वासराचा मालक आला.

"कवा वाढवला हो कठडा?" साहेबांनी विचारलं.

"माझं वासरू पडलं तवा. पोळ्याच्या तोंडावर." वहीतला महिना तोच. "आता बैल झालाय त्येचा. आणू का, बगायचाय?"

"नको," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी उरलेले सगळे महिने परत वाचले, आणखी अडीच फूट वजा करून. मशीन दुपारभर चाललं, दोनदा लाईट गेली. मी भिंतीला टेकून बसले होते, भाकरी सोडायचंही भान नव्हतं. खडक परत होता तसा लिहिला, आणि आकडे जुळले. साहेबांनी खोडरबरानं लाल रंग पुसला. कागद मळलेला राहिला, पण लाल गेलं. माझं काम गेलं नाही. मला वाटतं, ते अक्षर वाचायला दुसरं कुणी मिळालं नसेल.

परवानगी आली तरी विहीर लगेच झाली नाही. आणखी दोन उन्हाळे आमच्या घागरी खालीच बसल्या. खणायला आमचीच माणसं, दिवसा दुष्काळी कामावर खडी फोडून आलेली. एका सकाळी ओल आली, मग पाणी. सगळ्यांच्या अंगात आनंद करायलाही ताकद नव्हती. जो तो जिथं होता तिथं बसला.

सासूबाई काठीवर आल्या. "काढ ग तुजी टेप," म्हणाल्या, "म्या बी बगते, किती खोल हाय."

टेप पिशवीतच होती. मी काढली नाही. दोर घेतला आणि आधी घागर सोडली.

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी तोंड पुसलं. "आन् वजा किती करायचं ग?"

"काहीच नाही आत्याबाई," मी म्हटलं. "कठडा अजून बांधलाच नाही."