मुंग्यांच्या जागी

दुरुस्तीवाले बाबा बोलायचे थांबले, हे त्यांच्या थोरल्या लेकीला आधी खरंच वाटेना. ज्या माणसाने उभा जन्म मुके झालेले रेडिओ-टेप बोलते केले, गिऱ्हाइकाचं डोकं खाल्ल्याशिवाय कधी सेट परत दिला नाही, त्याच्या तोंडून शब्द फुटू नये? झटका आला, उजवा हात लुळा पडला. हात हळूहळू हलू लागला. जीभ मात्र अडून बसली.

"त्यांना तोंडपाठ असेल असं काहीतरी ऐकवा," बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "पण आत्ताच. उशीर झाला तर अवघड होत जाईल."

थोरलीने रोज उशाशी बसून प्रार्थना म्हटली. बाबा डोळे मिटून ऐकत, पण ओठ हलत नसत. देवाचं नाव वाया जात नाही, असं ती स्वतःला बजावायची. जीव मात्र टांगणीला लागलेला.

मग तिला तो सिनेमा आठवला.

आई गेली त्या वर्षी बाबांनी त्याची कॅसेट घरी आणली होती. थोरली तेव्हा नुकती शाळेत जाऊ लागलेली, धाकटा अजून बोबडा. एका बिऱ्हाडात पाहुणे येतात आणि हलायचं नावच घेत नाहीत, अशी गोष्ट. त्यांना घालवायला घरधनी बहिरेपणाचं सोंग घेतो, तर पाहुणे जास्तच ओरडून चहा मागतात. पोरं हसून गडाबडा लोळायची. पण ऐन मध्यावर पडद्यावर खरखरणाऱ्या मुंग्या यायच्या. "टेप खराब आहे," म्हणत बाबा टीव्हीपुढे उभे राहायचे. "पुढचं मी सांगतो. घरची बाई पाहुण्यांची कवळी लपवते!" कवळी शोधायला ते पलंगाखाली शिरायचे, पातेल्यात डोकं घालायचे, बोळक्या तोंडाने भांडायचे. शेवटी बाई वैतागून माहेरी निघून जायची. "बलं केलं!" धाकटा टाळ्या पिटायचा. मुंग्या संपल्या की बाबा घाम पुसत खाली बसायचे. पुढे सिनेमात ती बाई दिसायची नाही. माहेरी आहे, असं पोरं एकमेकांना सांगायची.

बाबा धाकट्याकडेच राहायचे. त्याने खटपट करून सिनेमा मिळवला.

"ताई, अख्खा आहे. एक मुंगी नाही!"

"मुंग्यांच्या जागी थांबवू या. बाबा सांगतील."

"थांबवायचा कशाला? डोक्यावरचे केस गेले माझे, ती कवळी एकदा खरी बघू तरी दे."

"हट्टी गाढव आहेस."

"आणि तू हेडबाई."

शेवटी धाकट्याचंच खरं झालं. रविवारी दुपारी बाबांना खुर्चीत बसवलं. शेजारी त्यांचं कामाचं टेबल अजून तसंच होतं, पोट उघडून ठेवलेला एक रेडिओ आणि डबीच्या झाकणात जपलेले त्याचे स्क्रू. बहिऱ्याचं सोंग सुरू झालं आणि बाबांचे खांदे हलले.

"हसले! ताई, हसले!"

थोरलीने मनात हात जोडले. आता ती जागा येणार होती.

कवळी आलीच नाही. पडद्यावर घरची बाई अंथरुणाला खिळली होती. पाहुणी तिच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत होती. दारात डॉक्टर घरधन्याला काहीतरी सांगत होते, आणि तो कानामागे हात धरून पुन्हा पुन्हा विचारत होता, "काय? काय म्हणालात?" तिच्या पोरांना कुणीतरी अंगणात खेळायला पाठवलं. मग बाईच्या तोंडावर चादर ओढली.

टेप दुरुस्त करून पोट भरणाऱ्या माणसाच्या घरात तीच एक कॅसेट वर्षानुवर्षं खराब कशी राहिली, हा प्रश्न दोघांनाही कधी पडला नव्हता.

धाकटा सिनेमा बंद करायला उठला. बाबांनी डाव्या हाताने त्याचं मनगट घट्ट धरलं. त्यांची नजर पडद्यावरून हलली नाही. ओठ थरथरले, जुळले, सुटले.

"पु... पुसलं," बाबा म्हणाले. "मी."

इतक्या दिवसांनी आवाज ऐकून थोरलीला आनंद व्हायला हवा होता. तिला हुंदका आला. त्या घरात आईसाठी कुणी मोठ्याने रडलं नव्हतं. कुणाचा गळा दाटला की कॅसेट लागायची. बाबांना आईचं दुःखच नव्हतं की काय, हे तिने देवापुढेसुद्धा कधी ओठावर आणलं नव्हतं.

ती त्यांच्या पायाशी बसली. "कळलं, बाबा. तुम्ही आम्हाला सांभाळलंत. पण आता आमच्या आईचं सांगा. जसं झालं तसं."

धाकटाही खाली बसला. सिनेमातले पाहुणे आता पोरीची वेणी घालत होते. तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

बाबांनी छाती भरून श्वास घेतला.

"पाणी," ते म्हणाले.

धाकटा लगबगीने उठू लागला. बाबांनी मान हलवली, नाही नाही, आणि त्याचा खांदा दाबून त्याला खाली बसवलं.

"ती," ते म्हणाले. डोळ्यांतून पाणी ओघळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. "मागत होती."

दोघं भावंडं पुढच्या शब्दाची वाट बघत बसून राहिली.