पेट्रोल पिणारी होडी

मुळशी धरणाच्या काठावर, ताम्हिणीच्या अंगाला, भैरू भोई राहायचा. उंचीनं बेताचा, छातीनं रुंद, आणि आवाज असा की या काठावरून हाक मारली की पलीकडची गुरं मान वर करायची. एखाद्या नाटक कंपनीच्या मालकाच्या कानी तो आवाज पडता तर त्यानं भैरूला गाडीत घालूनच नेलं असतं. पण भैरूचा रंगमंच पाण्यावर होता.

धरणात पहिल्यांदा पाणी चढलं आणि जुनी गावं बुडाली, तेव्हा तो आईच्या, धोंडाबाईच्या, कडेवर होता. पुढे बापाच्या होडीतच वाढला. पाण्याखाली कुठे देवळाची भिंत उभी आहे, कुठे आंब्याचं खोड जाळं धरून ठेवतं, हे त्याला घरच्या उंबऱ्यासारखं ठाऊक होतं. वल्हं मारावं तर भैरूनंच.

मग एकदा होडी काठावर ओढताना ती घसरली आणि त्याचा उजवा खांदा निखळला. हाडवैद्यानं तो जागेवर बसवला, पण वल्हं ओढायचं बळ काही परत आलं नाही. होडी भावकीतले चालवू लागले आणि भैरू काठावर जाळी दुरुस्त करत बसू लागला. पाण्याला येणाऱ्या बायका विचारायच्या, "काय भैरूदा, आज किती मासं धरलं?" तोही हसायचा. पण संध्याकाळी होड्या परतायच्या वेळी तो घरात जाऊन बसायचा. ते काही त्याला बघवायचं नाही.

त्रेसष्ट सालच्या हिवाळ्यात मच्छीमारांच्या सोसायटीला होडीच्या मागे बसवायचं इंजिन मिळालं. सोसायटीचे चेअरमन हैबतराव. बोलायला फटकळ, पण माणूस ओळखणारे. ते म्हणाले, "इंजिनाला हात लागतो, खांदा न्हाई लागत. भैरूला पाण्याची वाट ठावं हाय. त्यालाच द्या."

भैरूनं दोरी खेचली, इंजिन खोकलं, गरजलं आणि होडी निघाली. काठावर सगळं गाव जमलं होतं. भैरूनं मधल्या पाण्यात एक गोल फेरा मारला, पदर खोचून उभ्या असलेल्या आईकडे बघितलं आणि पुन्हा एक फेरा मारला. त्या दिवशी भैरू पुन्हा नावाडी झाला.

काम साधं होतं. या काठावरच्या सगळ्यांच्या माशांच्या पाट्या सकाळी होडीत घालायच्या आणि धरणाच्या भिंतीकडच्या काठावर एसटी निघायच्या आत पोचवायच्या. हैबतरावांची एकच अट होती. पौडच्या आठवडी बाजाराला आणलेला पेट्रोलचा डबा पुढच्या बाजारापर्यंत पुरला पाहिजे. "न्हाई पुरला तर इंजिन दुसऱ्या धरणावरची सोसायटी मागतीया, तिकडं जाईल. मग माझ्या नावानं खडं फोडू नका."

डबा पुरेना. बाजार अजून लांब असतानाच तळ दिसायचा. भैरूनं होडी उलटी करून बुडाचं शेवाळ खरवडलं. इंजिन हळू चालवून बघितलं, तर एसटी निघून गेली आणि एक खेप वाया गेली. लोकांच्या जिभेला हाड कुठं असतं? "इंजिन पितंय का भैरू पितोय?" कुणीतरी विचारलं आणि सगळे हसले. या वेळी मात्र भैरू हसला नाही.

शेवटी पौडहून बाबालाल आला. तेलाची इंजिनं आणि पंप दुरुस्त करण्यात त्याचा हातखंडा. त्यानं इंजिन खोललं, पुसलं, पुन्हा बसवलं. "भैरूभाऊ, ह्याच्यात खोट न्हाई. ह्ये लेकरागत निर्मळ हाय. तू भरलेली होडी घेऊन जा बरं, मी हितनं बघतो."

भैरू भरलेली होडी घेऊन गेला आणि परत आला. बाबालाल काठावर पोट धरून हसत होता.

"कुत्रं बघितलंस का कवा ढुंगणावर बसलेलं? तशी बसलीया तुझी होडी! तोंड आभाळात, बूड पाण्यात. बसलेलं कुत्रं पळंल व्हय रं? इंजिन मागं, तू मागं, वर सगळ्या पाट्याबी मागं. पेट्रोल होडी हाकायला न्हाई, पाणी नांगरायला जातंय. निम्म्या पाट्या पुढं सरकव, मग बघ."

भैरूनं होडीच्या टोकाकडे बघितलं. मग म्हणाला, "पुढं आसरा हायेत."

या भोयांच्या घरात होडीचं टोक म्हणजे साती आसरांची, पाण्यातल्या सात आयांची, बसायची जागा. तिथे हळदकुंकू लागायचं, हिरव्या बांगड्या बांधायच्या. पाय लावायचा नाही आणि मासा तर ठेवायचाच नाही. वल्हं होतं तोवर याचं काही अडलं नाही. वल्हवणारा मधे बसायचा, पाट्या मागे, होडी समतोल. इंजिन आलं आणि तोल मागे गेला, पण पाट्या कुठे ठेवायच्या हे कुणी नव्यानं विचारलंच नव्हतं.

बाबालालनं पाना पिशवीत टाकला. "मग माझं बोलणं संपलं. मशीनचं मला इचार. आयांचं धोंडाबाईला इचार."

भैरूनं आईला विचारलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझ्या बापानं तितं कधी पाय ठिवला न्हाई. तू मेलेलं मासं ठिवणार?"

"इंजिन जाईल, आये."

"जाऊ दे. आया गेल्या तर काय ऱ्हाईल?"

भैरूनं वाद घातला नाही. आईचा शब्द मोडायची त्या घरात रीत नव्हती, आणि आसरांची भीती त्यालाही होतीच.

दुसऱ्या दिवशी मधल्या पाण्यात पेट्रोल संपलं. होडी घराकडे वळवली, तर समोरून वारा. भैरूनं वल्हं घेतलं आणि एका हातानं, दातओठ खात, ओढत राहिला. होडी परत घरच्या काठाला लागली तेव्हा ऊन उतरलं होतं, एसटी कधीच गेली होती आणि पाट्यांना वास सुटला होता. धोंडाबाई काठावर होती. त्याला उतरता येईना. बापाच्या होडीतून लेकाला तिनं हाताला धरून उतरवून घेतलं. घरी तेल गरम करून खांदा चोळला. तिचं तोंड कडक होतं, पण तेलाची वाटी संपेपर्यंत ती चोळत राहिली. तेवढ्यात हैबतरावांचा माणूस नवा डबा आणि निरोप घेऊन आला, हा शेवटचा, पुढच्या बाजाराच्या दिवशी ते इंजिन सोडवून न्यायला येणार.

सकाळी धोंडाबाई अंघोळ करून उंबराखाली गेली. तिथे आसरांचे शेंदूर लावलेले सात दगड आहेत. भैरू मागे उभा राहिला. तिनं मधल्या दगडाला कौल लावला. एक कळी डाव्या अंगाला, एक उजव्या; जी आधी पडेल तो आयांचा कौल.

"आयांनो, आगुदर होडीला वाट दावायची म्हणून तुमी पुढं बसला. आता ढकलणारा मागं आलाय, नवा हाय, त्याच्यावर ध्यान ठिवायला कुणीतरी पायजे. मागं बसायला येणार असाल तर उजवी द्या."

भैरू बघत होता. डावी कळी म्हातारीनं पाण्यात चांगली बुडवून, अंगठ्यानं दाबून बसवली होती. उजवी नुसती टेकवली होती, कोरड्या बोटानं. वाऱ्याची झुळूक आली आणि उजवी पडली.

"दिली," धोंडाबाई म्हणाली आणि हात जोडले.

भैरूनंही जोडले.

मग तिनं स्वतः होडीच्या टोकाच्या बांगड्या सोडल्या, टोक धुतलं आणि इंजिनाशेजारच्या फळीला हळदकुंकू लावून बांगड्या तिथे बांधल्या. जाता जाता इंजिनालाही कुंकवाचं बोट लावलं. निम्म्या पाट्या पुढे गेल्या. होडी पाण्यावर सपाट बसली आणि आवाज तोच असूनही निराळीच चालली, सासरहून माहेराला निघाल्यासारखी.

बाजाराच्या दिवशी हैबतराव पाना घेऊन हजर झाले. त्यांनी डबा उचलला, हलवला. आत पेट्रोल डचमळलं. झाकण काढून नाक घातलं, बोट घातलं.

"पाणी न्हाई ना वतलं, भैरू?"

"चालवून दावू का?"

"दाव. भिंतीपर्यंत सोड मला."

हैबतराव ऐटीत होडीत चढले आणि इंजिनाशेजारच्या फळीवर बसायला वाकले. काठावरून धोंडाबाई ओरडली, "ए चेरमन! उठ तितनं! ती आयांची जागा हाय!"

"मग मी कुटं बसू?"

"पुढं. माशांच्यात."

सोसायटीचे चेअरमन धोतर सावरत पुढे गेले आणि दोन पाट्यांच्या मधे जाऊन बसले. भैरूनं दोरी खेचली.