मधेच उकिडवी बसणारी पोर

ये गो बाय, फोन कानाला नीट धर, आणि आधी चार बोल ऐकून घे. शाळेतल्या बाईंचा फोन आला होता. हृदयाच्या तपासणीला जायचं तर तू म्हणालीस, मला काय झालंय, मी तर धावण्यात पहिली येते! शहाणीच आहेस. धावतेस ते कुणामुळे, ते विसरलीस. तू लहान होतीस, म्हणून सांगते.

तुझी आई माझी धाकटी लेक. घोलवडच्या चिकूच्या वाडीतून उचलून तिला तलासरीच्या डोंगरात दिली. तू झालीस, चालायला लागलीस, पण तुझं चालणं म्हणजे दहा पावलं गेली की मधेच उकिडवी बसायची. लग्नाच्या वरातीत बस, शेताच्या बांधावर बस. तुझे काका हसायचे, "हिला नवरा बघताना घराशेजारचाच बघा रे, सासरी पोचायची नाही." ओठ जांभळे दिसायचे, तर तुझी आई तुलाच धपाटा घालायची, "पुन्हा जांभळं खाल्लीस?" आम्हालाही तेच वाटायचं. दारात जांभळीचं झाड, दुसरं काय वाटणार? पण जांभळं सरली, पाऊस सरला, भात कापून झालं, तरी ओठ तसेच. तेव्हा मात्र मला कळलं, हे जांभळांचं नव्हे.

मग पोरं तपासणारी गाडी शाळेत आली. त्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तुझी नखं बघितली, छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. डहाणूला पाठवलं, तिथून मुंबईला. मुंबईत हृदयाचा इको काढला. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर हृदय काढून दाखवलं. मला काही कळेना. मग मी माझ्या भाषेत विचारलं, "म्हणजे असं का, दोन पाट शेजारी वाहतात, एक गढूळ, एक स्वच्छ, आणि मधला बांध फुटलाय?" ते म्हणाले, "अगदी तसंच आजी. आणि गढूळ पाणी जिथं स्वच्छ व्हायला जातं, त्या फुप्फुसाच्या वाटेचं तोंडच अरुंद आहे. म्हणून ते फुटल्या बांधातून दुसऱ्या पाटात शिरतं. ओठ निळे होतात ते त्यानेच. हे जन्मापासूनचं आहे."

"आणि बसते कशाला?"

"उकिडवं बसलं की पायांकडे जाणारं रक्त अडतं, फुप्फुसांकडे जास्त वळतं. तिला बरं वाटतं. तिला कुणी शिकवलं नाही, तिचं तिनेच शोधलं."

ऐकलंस? आम्ही आळशी म्हणून हसत होतो आणि तू एवढीशी स्वतःचं औषध करत होतीस.

त्याच खेपेला जिना चढताना मला धाप लागलेली त्यांनी बघितली आणि नळी माझ्याही छातीला लावली. लहानपणी माझा घसा सारखा धरायचा, ताप यायचा, सांधे सुजायचे. त्यात म्हणे हृदयाची एक झडप खराब झाली. तुझं पोटातून आणलेलं, माझं मागाहून कमावलेलं. मला गोळ्यांवर ठेवलं. तुझं मात्र ऑपरेशनच करायचं ठरलं, आणि तारीख मिळाली ती नेमकी चैत्रातली, डहाणूच्या महालक्ष्मीच्या जत्रेतली.

इथे तुझी आजी, माझी विहीण, आडवी आली. तू आजारी म्हणून तिने नवस बोललेला, की नात यंदाच्या जत्रेत स्वतःच्या पायांनी देवीचा गड चढेल. मला म्हणाली, "विहीणबाई, देवीशी बोललेलं फिरवायचं नसतं. आधी गड, मग डॉक्टर." डॉक्टरांनी तर सांगितलेलं, हिला चढ चढवू नका, जिवावर बेतेल. तुझी आई रडत बसली. सासूला उलटं बोलायची तिची टाप नव्हती.

मी भांडले नाही. चहा मागितला आणि म्हटलं, "विहीणबाई, देवी आधी वर गडावर होती ना? मग खाली पायथ्याला कशी आली, ती गोष्ट सांगा जरा."

"तुम्हाला ठाऊक नाही होय? पोटुशी बाई दर्शनाला चढत होती, वाटेत तिला घेरी आली, पडली. देवीला दया आली. म्हणाली, तू चढू नकोस, मीच खाली येते."

"मग ती देवी ह्या पोरीला चढ म्हणेल?"

विहिणीने कपबशी खाली ठेवली. मग म्हणाली, "तुम्ही वाडीत चिकू कशाला निवडता हो, कोर्टात उभ्या राहा." आणि उठून तुझ्या आईला म्हणाली, "रडतेस काय, मुंबईचं सामान बांध. गड मी चढते हिच्या वाटचा."

इकडे मुंबईत डॉक्टरांनी तुझा बांध बुजवला, अरुंद वाट मोकळी केली. तिकडे तुझी आजी नारळ घेऊन गड चढली, आठवडाभर गुडघे शेकत बसली. तू शुद्धीवर आल्यावर तुझे ओठ बघून तुझी आई परिचारिकेला म्हणाली, "हिला लाली लावलीत का हो?" गुलाबी ओठ तिने तुझे कधी बघितलेच नव्हते!

गेल्या जत्रेत डॉक्टरांना विचारून तू आजीबरोबर गड चढलीस. मला नंतर कळलं, की ह्या वेळी मधेच उकिडवी बसली ती तुझी आजी, आणि तू कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "चला हो, किती बसता!"

पण बाय, बांध बुजवला म्हणजे पाटाकडे बघायचंच नाही, असं वाडीत कुणी करतं का? तू वाढतेस तसं आत काय चाललंय ते बघावं लागतं, जन्मभर. तपासणी करून घे. मी गोळी चुकवली की तू फोनवर ओरडतेस ना, तसंच मी तुला ओरडणार.

चिकू पेंढ्यात पिकायला घातलेत. माझ्याच्याने आता तुमचा डोंगर चढवत नाही. देवी खाली उतरली होती, तू नुसती घोलवडपर्यंत उतर. आजीलाही आण. लवकर ये.