मेश्राम मॅडम आणि चक्कीचं चुंबक

चक्की झाडून झाली होती. गव्हातले लोखंडाचे कण धरण्यासाठी तोंडाशी बसवलेलं चुंबक मी काढलं आणि चिकटलेला चुरा पडावा म्हणून नेहमीसारखं उंबरठ्यावर आपटलं. गव्हाचा डबा घेऊन दारात उभ्या असलेल्या बाई ओरडल्या, “अवो वहिनी, काहून मारून राहिल्या त्याले?”

“साफ करून राहिली. आमचे हेही असंच करत.”

“म्हणूनच थकलं ते! आपटून आपटून चुंबकाचा जोर जाते.”

आमच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, तेव्हा नव्याने राहायला आलेल्या मेश्राम मॅडमची ही पहिली ओळख. नवा रायपूरच्या एका संस्थेत त्या अतिसूक्ष्म चुंबकांचा अभ्यास करतात. त्यांच्या साठीनिमित्त मला चार शब्द लिहायला सांगितलं आहे. माझी शाळा लवकर सुटली. वाचन झालं ते चक्कीवर बसून. पुस्तकं पुष्कळदा मॅडमच देतात आणि परत घेताना एवढंच विचारतात, “काय नाही समजलं?”

ते चुंबक माझ्या यजमानांनी बसवलं होतं. ते गेल्यापासून चक्की मी चालवते. “दीदी, रोटी में किरकिर आ रही है,” म्हणत गिऱ्हाईक तुटू लागलं होतं; चुंबक कण धरेनासं झालं होतं आणि पोळीत कचकच लागत होती. नवं चुंबक घ्या, असं सगळे सांगत. मॅडम तसं म्हणाल्या नाहीत. प्रयोगशाळेत याची ताकद परत आणता येईल, पण आधी येऊन बघा, असं त्यांनी सांगितलं.

तिथे पडद्यावर धातूचे चौकोनी ठिपके होते, केसाच्या जाडीत कितीतरी मावतील असे. मोठ्या ठिपक्यांत काळे-पांढरे पट्टे: काळ्यात चुंबकत्वाची दिशा एकीकडे, पांढऱ्यात उलट. मॅडम बाहेरून चुंबकीय जोर वाढवत गेल्या, तशी पट्ट्यांमधली सीमा सरकली, अडली, पुन्हा सरकली. सर्वांत लहान ठिपक्यात पट्टे नव्हतेच. तो सगळाच काळा होता आणि एकदम सगळाच पांढरा झाला.

“हा कधी पलटते, तुम्हाले आधी समजते?”

“समजलं असतं तर घरी नसती बसली का मी?” मॅडम हसल्या.

अंदाज चुकलेली चित्रं त्यांनी भिंतीवर लावली आहेत. “पोट्टेहो, जमलेलं कपाटात ठेवा,” असं त्या विद्यार्थ्यांना बजावतात.

मग मी जे विचारायला गेले होते, ते विचारलं. “चक्कीच्या चुंबकाले जोर दिला, तर आमच्या यांच्या वेळचं आत काही राहीन का?”

मॅडम पडद्याकडून माझ्याकडे वळल्या. “नाही वहिनी. आतली जुनी रचना पुसली जाईन. धातू तोच राहीन. तसंच ठेवावं वाटलं तर ठेवा, त्यात काही वेडेपणा नाही.”

दुसऱ्या कोणी माझं मन राखायला काहीतरी सांगितलं असतं. मॅडमनी खरं सांगितलं, मग चहा मागवला, आणि चहा होईपर्यंत तो विषय काढला नाही. पुढेही किती तरी प्रश्न मी त्यांना विचारले. उत्तर ठाऊक नसेल तेव्हा त्या तसं सांगतात आणि शोधायला लागतात.

मॅडमची तब्येत ठणठणीत राहो. पडद्यावरचा तो बारीक बदल टिपायला त्यांचे डोळे पुष्कळ वर्षं साथ देवोत आणि भिंतीवर नवी, न कळलेली चित्रं लागत राहोत.

त्या दिवशी प्रयोगशाळेतून मी काहीच न ठरवता घरी परतले. दुसऱ्या दिवशी चक्की बंद ठेवली, चुंबक आमच्या यांच्या धुतलेल्या गमछ्यात गुंडाळलं आणि जोर द्यायला मॅडमच्या हातात नेऊन दिलं.